अनंत लावताय? खत नंतर, आधी माती बघा (बेळगाव, खानापूर, चिकोडी, निपाणीवाल्यांसाठी)

अनंताचं रोप आणलं, कुंडीत लावलं, शेणखत घातलं, दोन महिन्यात पानं पिवळी पडली, कळ्या आल्या त्या न उमलताच गळाल्या, आता खत कुठलं घालू? हा प्रश्न आमच्याकडं ज्याला त्याला पडलेला असतो म्हणून एकदा सगळं सविस्तर लिहून टाकते. उत्तर आधीच सांगते, खताचा यात फार थोडा भाग आहे. मातीत चुना किती, पाणी निचरतंय का साठतंय आणि वरून घालताय ते पाणी बोअरचं का पावसाचं, एवढं जमलं की अनंत स्वतःहून वाढतो, आणि ते नाही जमलं तर दुकानातलं महागातलं खत घालून पण काही होत नाही.

झाड मूळचं दक्षिण चीन, जपान, तैवान, व्हिएतनामकडचं, शास्त्रीय नाव गार्डेनिया जास्मिनॉइड्स. कॉफी ज्या कुळातली त्याच कुळातलं. आपल्या जंगलात जी डिकेमाली मिळते, उग्र वासाचा डिंक येतो ती, ती पण याचीच जवळची नातेवाईक. वर्षभर हिरवंगार राहणारं झुडूप, जमिनीत सहज ५-६ फूट होतं, पानं जाड आणि चकचकीत. याला आम्लट माती लागते, सामू (पीएच, म्हणजे मातीचा आम्लटपणा मोजायचं माप, ७ च्या खाली आम्लट) ५ ते ६.५ च्या मधे. सामू ७ च्या वर गेला की जमिनीत लोह असून पण मुळांना ते उचलता येत नाही, आणि तिथून पानं पिवळी पडायला सुरुवात होते.

आता आपला जिल्हा बघा, या बाबतीत सरळ दोन भाग पडतात. खानापूर, जांबोटी, कणकुंबी आणि बेळगावच्या पश्चिमेला हिंडलग्याच्या पुढं माती तांबडी, जांभ्या दगडाची, पाऊस धो धो, त्यामुळं चुना कधीच धुऊन गेलेला. अनंताला हवी तशीच माती ही, खानापूरकडं जुन्या घरांच्या परड्यात कुणी लक्ष न देता पण अनंत फुललेला दिसतो तो यामुळंच. आणि चिकोडी, रायबाग, अथणी इकडं काळी माती, पाऊस कमी, अथणीकडं तर वर्षाला ५००-६०० मिलिमीटरच, आणि खाली बऱ्याच ठिकाणी चुनखडी. बेळगाव शहरात मात्र गल्लीगणिक फरक, कॅम्पाकडं तांबडी लागेल आणि शहापूर, वडगाव, अनगोळच्या शिवाराकडं चिकट काळी, शिवाय नवीन घर असेल तर बांधकामाचा राडारोडा भरलेला असतो त्यात सिमेंट आणि चुना असतोच. म्हणून शेजारच्या काकूंकडं येतो म्हणजे आपल्याकडं येईलच असं नाही.

तपासायला सोपं आहे. वीतभर खोल खणून मुठीएवढी माती काढा, वाळवा, एका वाटीत थोडी घेऊन त्यावर साधं विनेगर ओता आणि कान जवळ नेऊन ऐका. चुर्र आवाज येऊन बुडबुडे उठले तर मातीत मोकळा चुना आहे, तिथं जमिनीत अनंत लावूच नका, कुंडी घ्या. काहीच झालं नाही तर चुनखडी नाही म्हणायची, पण सामू नक्की किती ते यावरून कळत नाही. ते हवं असेल तर माती परीक्षण करून घ्या, मत्तीकोपला केएलईचं कृषी विज्ञान केंद्र आहे, गोकाककडच्या लोकांना अरभावीचं बागायत कॉलेज जवळ पडतं, आणि आपापल्या होबळीच्या रयत संपर्क केंद्रात पण चौकशी करता येते. मातीचा नमुना देताना खत घातलेल्या जागेचा देऊ नका.

रोप आणताना एक गोष्ट हटकून बघा. डबल तगर आणि अनंत लांबून सारखे दिसतात, दोन्हीला पांढरी भरगच्च फुलं, आणि कितीतरी जणांच्या घरात अनंत म्हणून आणलेली तगर असते. एक पान मोडा, देठातून दुधासारखा चीक आला तर ती तगर. अनंताला चीक नसतो. तगर पण चांगलीच, ती काळ्या मातीत पण येते, पण अनंताचा वास तिला नाही. मग रोपाचा बुंधा धरून हलकं हलवून बघा, मुळं धरलेली असली पाहिजेत. फुलांनी लगडलेलं मोठं रोप घेण्यापेक्षा हातभर उंचीचं, तीनचार फांद्यांचं, कळ्या नसलेलं रोप घ्या, कळ्यांचं रोप घरी आणलं की जागा बदलल्यामुळं बहुतेक सगळ्या कळ्या टाकतं. बरीच रोपं बाहेरून ट्रकनं येतात, त्यांच्या मुळांभोवती चिकट मातीचा घट्ट गोळा असतो, वाहतुकीला तो बरा पण कुंडीत तसाच ठेवला तर पाणी त्या गोळ्यात शिरतच नाही, बाजूनं वाहून जातं आणि रोप पाणी घालून पण तहानलेलं. लावायच्या आधी तासभर पाण्यात ठेवा आणि बाहेरची माती बोटानं हलकी मोकळी करा, मुळं तुटू न देता, सगळी काढायची गरज नाही.

लावायला वेळ म्हणजे मृग लागून एकदोन चांगले पाऊस झाले की, जूनचा दुसरा-तिसरा आठवडा. जुलैत आपल्याकडं पाऊस नुसता कोसळतो तेव्हा नवीन मुळं कुजायची भीती असते, तेव्हा नको. जून चुकला तर गणपतीनंतर लावा, थंडीच्या आधी मुळं धरायला वेळ मिळतो.

जागा पूर्वेकडची सगळ्यात चांगली. सकाळचं ४-५ तास ऊन आणि दुपारी सावली. पूर्ण सावलीत पानं काळपट हिरवी छान दिसतात पण फूल येत नाही, आणि मार्च-एप्रिलचं दुपारचं पश्चिमेचं ऊन आलं तर पानांच्या कडा करपतात. अजून एक, नवीन कंपाउंड भिंतीच्या अगदी कडेला लावू नका. गिलाव्यातलं सिमेंट पावसात झिरपून त्या पट्ट्यातली माती चुनकट होते, अंगणात बाकी झाडं ठीक आणि भिंतीकडेचा अनंतच पिवळा असं दिसतं त्याचं कारण हे असतं. भिंतीपासून निदान ३ फूट आत घ्या.

तांबडी माती असेल तर काम सोपं. दीड फूट लांब-रुंद-खोल खड्डा, काढलेल्या मातीत तिसरा हिस्सा कुजलेला पालापाचोळा किंवा गांडूळखत आणि दोन मुठी निंबोळी पेंड मिसळून परत भरायचं. महत्त्वाचं म्हणजे रोप खोल लावायचं नाही, पिशवीत माती जिथवर होती तिथवरच, उलट जमिनीपेक्षा दोनतीन बोटं वर राहिलं तरी चालेल. खानापूर-जांबोटीकडच्या पावसात तर मी म्हणेन वीतभर उंच गोल चौथरा करा आणि त्यावरच लावा, कारण अनंताला ओलावा हवा पण मुळांशी पाणी तुंबलेलं चालत नाही, चार दिवस पाणी साठलं तरी मुळं काळी पडून कुजतात. वरून दोन इंच पालापाचोळा पसरा, बुंध्याला न चिकटवता. मुळं वरच्या थरातच असतात म्हणून खुरप्यानं खोल खुरपू नका, तण हातानं उपटा.

काळ्या मातीवाल्यांनी कुंडीच घ्यावी असं माझं स्पष्ट मत आहे. खड्डा खणून तांबडी माती भरली तर पहिली दोन वर्षं झाड झकास असतं, नंतर मुळं बाजूच्या काळ्यात जातात, शिवाय पावसात भोवतीची चिकट माती पाणी धरून ठेवते आणि तो खड्डा बादलीसारखा भरून राहतो. कुंडी १२ ते १४ इंची, खाली भोकं मोठी. भरायला तांबडी माती दोन भाग, धुतलेला कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) एक भाग, पानांचं कुजलेलं खत किंवा गांडूळखत एक भाग, आणि जरा जाड वाळू. तांबडी माती खानापूर रोडच्या नर्सऱ्यांमधे पोत्यानं मिळते. आता यात काय घालायचं नाही ते लक्ष देऊन वाचा, कारण हे सगळं घराघरात चांगलं समजून घालतात: चुलीची राख, अंड्याची टरफलं, चुन्याची निवळी, बोनमील. हे सगळं माती चुनकट करणारं आहे, गुलाबाला टोमॅटोला चालेल, अनंताला नाही. कुंडी बाहेरून रंगवताना आतून चुना मारलेली असेल तर ती पण नको.

पाण्याकडं बहुतेकांचं लक्ष जात नाही. बोअरचं पाणी जड असतं, बादलीला पांढरा थर धरतो ना, तोच थर हळूहळू कुंडीत पण बसतो, आणि वर्षभरात चांगली आम्लट माती पण बिघडते. बेळगावात राकसकोप जलाशयाचं नळाचं पाणी येत असेल तर उत्तम, रात्रभर उघड्या बादलीत ठेवून घाला. पावसाचं पाणी साठवता आलं तर त्याच्यासारखं दुसरं नाही. एसीचं ठिबकणारं पाणी पण चांगलं, त्यात क्षार नसतात. पण आरओचं फेकायचं पाणी अजिबात नको, त्यात तर क्षार अजून जास्त. आणि बोअरशिवाय इलाजच नसेल तर पंधरा दिवसातून एकदा १ लिटर पाण्यात अर्धं लिंबू पिळून ते पाणी द्या, थोडाफार आधार होतो, आणि वर्षादोन वर्षात कुंडीची माती बदला. किती पाणी? वरची माती बोटाच्या एका पेरापर्यंत कोरडी लागली की भरपूर घालायचं, खालून वाहीपर्यंत, बशीत साठलेलं ओतून टाकायचं. रोज पेलाभर घालणं हे सगळ्यात वाईट.

खत फेब्रुवारीपासून सप्टेंबरपर्यंतच. महिन्यातून एकदा मूठभर गांडूळखत किंवा शेंगपेंड दोन दिवस भिजवून तिचं पातळ केलेलं पाणी, आणि दीडदोन महिन्यातून एकदा अमोनियम सल्फेट, १२ इंची कुंडीला चहाचा एक छोटा चमचा २ लिटर पाण्यात विरघळवून, माती आधी ओली करून. अमोनियम सल्फेट माती थोडी आम्लट करतं म्हणून ते, युरिया नको. वापरलेली चहापत्ती घालायची असेल तर साखर-दूध धुऊन वाळवून घाला. थंडीत काही घालू नका, थंड मातीत मुळं खत उचलत नाहीत, नुसतं साठून राहतं.

आता पिवळ्या पानांचं. पान पिवळं झालं म्हटल्यावर लगेच औषध आणायला जाऊ नका, आधी कुठलं पान ते बघा. शेंड्याकडचं कोवळं पान तोडून उन्हाकडं धरा. पान पिवळं आणि शिरा मात्र हिरव्या, बारीक जाळी उमटल्यासारखी दिसत असेल तर लोह कमी पडतंय. आणि जुन्या, खालच्या पानात शिरांमधला भाग पिवळा पडतोय तर मॅग्नेशियम, एप्सम सॉल्ट १ लिटरला ५ ग्रॅम फवारा, दोनदा पुरतं. खालची चारपाच पानं पूर्ण पिवळी होऊन गळतायत, वर नवीन पालवी फुटतीय, महिना फेब्रुवारी-मार्चचा, तर काहीच झालेलं नाही, जुनी पानं टाकतंय झाड, गप्प बसा. सगळंच झाड मलूल, माती ओली असून पानं लोंबतायत, तर मुळं कुजतायत, रोप काढून बघा, काळी मऊ मुळं कापून नवीन कोरड्या मातीत लावा, सावलीत ठेवा आणि पाणी अगदी जपून.

लोह कमी असेल तर हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, कृषी केंद्रात स्वस्तात मिळतं. १ लिटर पाण्यात ५ ग्रॅम हिराकस आणि १ ग्रॅम लिंबूसत्व, गाळून संध्याकाळी पानांवर फवारायचं, दहा दिवसांनी परत, असं दोनतीन वेळा. नवीन पानं हिरवी येतायत का बघायचं, जुनी पिवळी पूर्ण सुधारतीलच असं नाही. फरशीवर सांडू देऊ नका, तांबडे डाग पडतात ते निघता निघत नाहीत. पण फवारणी हा तात्पुरता इलाज, मातीतून द्यायचं असेल तर चिलेटेड लोह (मातीत अडकून न पडता मुळांना मिळेल असं बांधलेलं लोह) घ्या आणि पाकिटावर नीट वाचून घ्या, ईडीटीए लिहिलेलं असेल तर ते चुनकट मातीत टिकत नाही, ईडीडीएचए लिहिलेलं हवं. महाग आहे पण चिमूटभर पुरतं. गंधकाची पावडर घालून माती आम्लट करता येते हे खरं, मातीतले जिवाणू त्याचं आम्ल करतात, पण त्याला काही महिने लागतात आणि जिथं विनेगर टाकल्यावर बुडबुडे आले तिथं कितीही गंधक घाला, चुना ते सगळं खाऊन टाकतो. म्हणून म्हणते काळ्या मातीत कुंडी.

आणि कळ्या गळणं. याच्यावर लोक फार हळहळतात आणि खरंच आहे ते, दोनदोन महिने कळी टपोरी होताना बघायची आणि उमलायच्या आदल्या दिवशी ती खाली पडलेली सापडते. अनंताला कळी धरायला रात्री थंड लागतात, साधारण १५ ते १८ अंश, आणि बेळगाव जवळजवळ २५०० फूट उंचीवर असल्यामुळं डिसेंबर-जानेवारीत ते आपोआप मिळतं, या बाबतीत आपण नशीबवान. अडचण पुढं येते. कळ्या हळूहळू फुगतात आणि मार्चमधे हवा एकदम कोरडी, दुपारी ३४-३५ अंश, पाणी एक दिवस चुकलं की झाड कळ्या सोडून देतं, मग घाबरून दुप्पट पाणी घातलं की अजून सोडतं. त्या दीडदोन महिन्यात पाणी अगदी एकसारखं ठेवा, पालापाचोळ्याचं आच्छादन जाड करा, सकाळी आजूबाजूची फरशी ओली करा म्हणजे हवेत गारवा राहतो. कुंडी हलवू नका, फिरवू पण नका. नवीन खत, नवीन औषध, माती बदलणं, सगळं त्या काळात बंद. वळीव पडायला लागला की हवा ओलसर होते आणि मग मे-जूनमधे झाड असं फुलतं की संध्याकाळी फाटक उघडलं की वास.

तरीही कळ्या गळतायत आणि टोकं तपकिरी दिसतायत तर एक गळलेली कळी पांढऱ्या कागदावर फाडून झटका. बारीक, सुईच्या टोकाएवढे लांबट ठिपके चालताना दिसले तर ते फुलकिडे. कडूनिंबाचं तेल ५ मिली, साबणाचं पाणी थोडं, १ लिटरमधे, संध्याकाळी, आठवड्यानं परत. पिठ्या ढेकूण, मावा, पांढरी माशी यांना पण हेच, पानाच्या खालून फवारा. पानं काळी काजळी धरल्यासारखी झाली तर ती या किडींच्या चिकट गोड पाण्यावर वाढलेली बुरशी, कीड गेली की ओल्या फडक्यानं पुसून निघते. मुंग्या बुंध्यावर चढताना दिसल्या की समजायचं वर कीड आहे, मुंग्याच त्या किडींना राखतात.

पावसाळ्यात रातोरात पानं खाल्लेली दिसली, नुसत्या शिरा उरल्या, तर फांदीच्या खालून शोधा, बोटाएवढी हिरवी अळी, शेपटीला एक काटा, पानाच्या रंगाचीच असते त्यामुळं समोर असून दिसत नाही. खाली काळ्या लेंड्या पडलेल्या असतात त्याच्या बरोबर वर बघायचं. ती चावत नाही, काटा पण टोचत नाही. हिच्यातून पुढं पारदर्शक पंखांचा पतंग निघतो, दिवसा फुलांसमोर हवेत थांबून मध पितो, लोक त्याला भुंगा समजतात. लहान रोपावर असेल तर हातानं उचलून लांब सोडा, मोठ्या झाडावर एकदोन असतील तर असू द्या, झाडाला परत पानं येतात. एवढ्यासाठी विषारी औषध मारू नये असं मला मनापासून वाटतं.

छाटणी फुलं संपली की लगेच, जास्तीत जास्त सप्टेंबरच्या मध्यापर्यंत. वाळलेली, आत घुसलेली, एकमेकीवर घासणारी फांदी काढा, बाकी शेंडे चारसहा बोटं कापा. दसऱ्यानंतर कात्री ठेवून द्या, त्यानंतर कापलेल्या प्रत्येक शेंड्याबरोबर पुढच्या वर्षीच्या कळ्या जातात. पिवळी पडून सुकलेली फुलं मात्र केव्हाही खुडा.

फूल तोडायचं तर संध्याकाळी, अर्धवट उमललेलं, देठाला दोन पानं ठेवून. पाकळीला बोट लावू नका, लागलं तिथं तासाभरात तपकिरी डाग उठतो. वाटीभर पाण्यात ठेवलं की रात्रभर घर भरून वास आणि सकाळी पूजेला ताजं. दोनतीन दिवसात पांढऱ्याचं पिवळसर होतं, ते त्याचं नेहमीचंच, रोग नाही.

नवीन रोपं करायची असतील तर छाटणीच्या फांद्याच वापरा. पूर्ण कोवळी नको, पार जुनी पण नको, हिरवट तपकिरी, चारपाच इंचाची, खालची पानं काढून वरची दोन ठेवायची आणि ती पण अर्धी कापायची. रूटिंग पावडर लावून कोकोपीट-वाळूत खोचा, वर प्लास्टिकची पिशवी फुगवून बांधा, सावलीत. महिना ते दोन महिन्यात मुळं येतात, ओढून बघायचं नाही, नवीन पान फुटलं की आली म्हणायची. नुसत्या पाण्याच्या बाटलीत पण मुळं येतात, पाणी तीनचार दिवसांनी बदला. गुटी करायची तर जून-जुलैत, पेन्सिलीएवढ्या फांदीची इंचभर साल गोल काढून ओलं मॉस (शेवाळ) गुंडाळून प्लास्टिकनं दोन्हीकडं घट्ट बांधायचं, गणपतीच्या सुमाराला आत पांढरी मुळं दिसायला लागतात. त्यांचा रंग जरा तपकिरी झाला की खालून कापा, लहान पिशवीत लावा, आणि पहिली थंडी त्या पिशवीतच आडोशाला काढू द्या, मोठ्या कुंडीत किंवा जमिनीत पुढच्या जूनमधे.